विटेचा तास

मॅडमनी आयुष्यभर यंत्ररेखन शिकवलं होतं. बोल्टचा छेद कसा काढायचा, कुठली रेघ ठळक आणि कुठली तुटक, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण कॉलेजात कॉम्प्युटर आले, विषय आधी अर्धा झाला आणि मग एका बैठकीत अभ्यासक्रमातून गळूनच गेला. मॅडम मात्र उरल्या. निवृत्तीला अजून अवकाश होता. त्यांचं करायचं काय, असा प्रश्न पडलेला असतानाच वरून फतवा आला की सगळ्या शाखांच्या मुलांना ‘सर्जनशील विचार कौशल्ये’ हा विषय सक्तीचा. शिकवायला कुणी तयार होईना. विभागप्रमुखांनी मॅडमना बोलावून घेतलं.

“तुम्ही चित्रं काढता ना, मग हे तुमच्याच हातचं.”

“सर, मी नटबोल्ट काढते.”

“तेच ते,” विभागप्रमुख म्हणाले आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

तास जुन्या ड्रॉइंग हॉलमध्ये, दिवसाच्या अगदी शेवटी. टेबलं उतरती होती, त्यामुळे मुलांचे फोन घसरून सारखे मांडीवर यायचे, आणि एकदा मांडीवर आले की तिथेच राहायचे. अभ्यासक्रमातला पहिलाच प्रश्न होता, विटेचे वीस उपयोग लिहा. त्यावरून मुलांनी विषयाचं नावच ‘वीट’ पाडलं. “आज वीट आहे का?” “विटेला बसणारेस का?” मॅडमच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांना राग आला नाही. नाव काही चुकीचं नव्हतं. वीट सगळ्यांनाच आला होता, शिकवणारीला जरा जास्तच.

त्यांनी पहिली चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांनी तेच वीस उपयोग लिहिले, त्याच क्रमाने. फोनला विचारलं, फोनने सांगितलं. शेवटून दुसरा उपयोग प्रत्येकाच्या पेपरात ‘माशांच्या काचेच्या पेटीत शोभेसाठी’ असा होता. वर्गात एकाच्याही घरी मासे नव्हते. मॅडमनी विचारून पाहिलं.

घरी वेगळीच परीक्षा चाललेली असायची.

मॅडमचे यजमान गाडी चालवायला शिकवायचे. धाकट्या भावाबरोबर त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. माणूस बोलका, इतका की शिकणाऱ्याचा गिअर बदलून होईपर्यंत ह्यांची एक गोष्ट सांगून व्हायची. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. पाय काठीच्या आधाराने थोडा चालू लागला, पण बोलणं गेलं ते गेलंच. समजत सगळं होतं, ओठांपर्यंत मात्र एकच शब्द येई, “थांब.” शिकवण्याच्या सवयीचा शब्द, तेवढा कुठेतरी अडकून राहिला होता. चहा हवा असला तरी थांब, नको असला तरी थांब. रागावले तरी तोच, पाठ खाजली तरी तोच. मॅडम सुरावरून अर्थ लावत. निम्म्या वेळा बरोबर यायचा, निम्म्या वेळा मास्तर डोळे मिटून घ्यायचे.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या चित्रांचे पत्ते मांडायच्या, चेंडू, गाय, केळं. “हे काय आहे, सांगा बरं.” मास्तर त्या पत्त्यांकडे बघायचे आणि मग खिडकीबाहेर बघायचे. साठी ओलांडलेल्या माणसाला कुणी चेंडू दाखवत असेल तर तो दुसरं काय करणार.

मॅडम सकाळी त्यांची आंघोळ, कपडे, नाश्ता उरकायच्या, शेजारणीला सांगून कॉलेजात जायच्या, परत आल्यावर पुन्हा सगळं. दमणूक आता अंगात मुरली होती. आरशात बघितलं की त्यांना वाटे, ही बाई कुठल्यातरी लांबच्या प्रवासाहून आली आहे आणि हिला अजून पुढे जायचंय.

असाच एक दिवस. दुसऱ्या चाचणीत विटेच्या जागी रिकामी बाटली होती आणि पुन्हा सगळ्यांचे उपयोग सारखे. मॅडमनी गठ्ठा टेबलावर ठेवला, तो उतारावरून खाली सांडला. त्या उचलायला वाकल्या नाहीत.

“राहू दे वीट आणि राहू दे बाटली,” त्या म्हणाल्या. “एक माणूस आहे. त्याला सगळं कळतं, पण बोलता येतो एकच शब्द. थांब. त्याला काय हवंय हे घरच्यांना कळायचं कसं? सांगा.”

काही जणांनी फोनवरून माना वर केल्या. मग मागच्या बाकावरचा लांब मानेचा मुलगा, ज्याला सगळे जिराफ म्हणत, त्याने विचारलं, “लिहिता येतं का त्याला?”

“उजवा हात गेलाय. डाव्याने अक्षर जुळत नाही.”

“मान हलवतो?”

“हलवतो. पण हो म्हणायचं असताना कधीकधी नाही अशी हलते. मग स्वतःवरच चिडतो.”

“असं कसं होईल?” पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि मग प्रश्नांची रीघ लागली. तो दिवसभर काय करतो, त्याला गाणी म्हणता येतात का, शिव्या येतात का. मॅडम उत्तरं देत गेल्या. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. खाली पडलेले पेपर जाताना मुलांनीच गोळा करून दिले.

पुढच्या तासाला मुलं आपणहून गटागटांत बसली. मॅडम माणसाबद्दल आणखी सांगत राहिल्या. केस कापायला नेलं तेव्हा न्हाव्याने पहिल्या “थांब”ला कात्री थांबवली, दुसऱ्याला थांबवली, आणि अर्ध्या कापलेल्या डोक्यानिशी दोघं एकमेकांकडे बघत बसले, हेही सांगितलं. वर्ग हसला, मॅडमही हसल्या. किती महिन्यांनी हसल्या कोण जाणे. तो माणूस कोण, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सुरुवातीला सांगायचं राहिलं, नंतर सांगणं अवघड झालं.

विभागप्रमुखांच्या कानावर गेलं की विटेच्या तासाला मुलं थांबतात. ते स्वतः येऊन दाराशी उभे राहिले आणि खूश झाले. “आपण ह्याचं प्रात्यक्षिक ठेवू. बाहेरचे पाहुणे बोलावू. फोटोग्राफर सांगतो मी.” मॅडम नको म्हणाल्या असत्या, पण नको म्हणायला जी ताकद लागते ती त्यांच्याकडे शिल्लक नव्हती.

जिराफच्या गटाने तयारी म्हणून एक व्हिडिओ केला. त्यात जिराफच तो माणूस झाला होता. काठी टेकत लंगडत येतो, खुर्चीत धपकन बसतो, तोंड वाकडं करून “थांब, थांब” म्हणतो, आणि मग गटाने बनवलेलं यंत्र त्याला वाचवतं. मुलांनी तो मोठ्या उत्साहाने मॅडमना पाठवला. फोन तेव्हा घरी पलंगावर होता आणि मॅडम मोरीत कपडे धूत होत्या. फोन वाजला. मास्तरांनी डाव्या हाताने तो उचलला.

मॅडम हात पुसत बाहेर आल्या तेव्हा व्हिडिओ दुसऱ्यांदा चालू होता. मास्तर टक लावून बघत होते. “थांब, थांब,” फोनमधला जिराफ म्हणत होता आणि मागे कुणीतरी हसू दाबत होतं.

“अहो, ते तसं नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “मुलं चांगली आहेत. मी त्यांना फक्त...”

मास्तरांनी फोन उशीखाली सरकवला आणि डावा हात वर करून तळवा मॅडमच्या तोंडासमोर धरला. शब्द नव्हता, नुसता तळवा. मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी त्यांनी मॅडमच्या हातून घास घेतला नाही. चमचा स्वतः डाव्या हातात धरून, निम्मं अंगावर सांडत जेवले. मॅडम समोर बसून राहिल्या. पुसायला पुढे झाल्या तर त्यांनी फडकं ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, “तो माणूस म्हणजे माझे मिस्टर आहेत. त्यांनी तुमचा व्हिडिओ बघितला.”

जिराफने मान इतकी खाली घातली की ती एरवी लांब आहे हे विसरायला झालं.

“मॅडम, आम्हाला माहीत असतं तर...”

“तुमचं काही चुकलं नाही. सांगायचं मी होतं. त्यांना विचारायचंही मीच होतं.”

विभागप्रमुखांना त्यांनी प्रात्यक्षिक रद्द करा म्हणून सांगितलं. ते म्हणाले की आमंत्रणं गेली आहेत, आणि त्यातून, “खरा माणूस घरातलाच आहे हे तर उलट फारच छान झालं.” मॅडम बाहेर आल्या.

घरी येऊन त्या मास्तरांच्या समोर स्टूल घेऊन बसल्या. “अहो, तुम्हाला न विचारता मी तुमच्या गोष्टी वर्गात सांगितल्या. मला घरी कुणाशी बोलता येत नाही म्हणून तिथे बोलत सुटले. आता ते लोक पाहुणे बोलावून त्याचं प्रात्यक्षिक मांडणार आहेत. तुम्ही म्हणाल तर मी आजारी पडते त्या दिवशी. घरीच राहू दोघं.”

मास्तरांनी काठीने कपाटाकडे खूण केली. मॅडमनी पाण्याची बाटली दिली, नाही. औषधं दिली; नाही. शेवटी कपाट उघडून एकेक कपडा दाखवत गेल्या, तेव्हा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर ते थांबले. लायसन्सच्या परीक्षेला मुलांना घेऊन जाताना घालायचे तो.

“तुम्ही येणार?”

“थांब,” मास्तर म्हणाले, आणि मान हलली ती ह्या वेळी सरळ हो अशी हलली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ड्रॉइंग हॉल झाडून पुसून काढला होता. धाकटे दीर गाडीतून दोघांना घेऊन आले. मास्तरांना पहिल्या रांगेतल्या टेबलाशी बसवलं. विभागप्रमुख पुढे झाले आणि त्यांच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत मोठ्याने म्हणाले, “तुम्ही, आलात, आम्हाला, आनंद, झाला.”

“त्यांना ऐकू येतं सर,” मॅडम म्हणाल्या.

मग गट एकेक करून येऊ लागले. पहिल्या गटाने फोनवर चौकोन केले होते. चौकोन दाबला की बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात “मला पाणी हवे आहे” असं यायचं. मास्तरांनी एक चौकोन दाबला, बाई बोलली, मास्तरांनी भुवया वर केल्या आणि फोन हळूच पुढे ढकलला. टेबल उतरतं होतं. फोन घसरत दुसऱ्या टोकाला गेला आणि मुलाने तो झेलला. दुसऱ्या गटाचं लाकडी चाक होतं, त्यावर चित्रं. तेही घसरत गेलं. हातमोजा आला, दिव्यांची पट्टी आली. मास्तर प्रत्येक वस्तू नीट हातात घेऊन बघत, चालवून बघत, आणि मग तिला उतार दाखवत. पाहुणे गोंधळले. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. मॅडमना लाज वाटायला हवी होती, पण त्यांना आतून काहीतरी सैल होत असल्यासारखं वाटलं. घरी त्यांनी इतके महिने अशा कितीतरी गोष्टी ह्या माणसासमोर ठेवल्या होत्या, आणि तो बिचारा प्रत्येक वेळी ‘थांब’ म्हणण्यापलीकडे काही करू शकला नव्हता.

जिराफ आला तो रिकाम्या हातांनी. “काका, माफ करा. मी तो व्हिडिओ केला.”

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आपली काठी त्याच्यापुढे धरली.

“घेऊ?”

मास्तरांनी काठीनेच जमिनीवर इकडून तिकडे रेघ दाखवली. चाल.

जिराफ पांढराफटक पडला. त्याने मॅडमकडे बघितलं. शेवटी तो काठी टेकत, व्हिडिओतल्यासारखा लंगडत चालला. मास्तर म्हणाले, “थांब.” तो थांबला. मास्तरांनी डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या मांडीवर थाप मारली, मग जिराफच्या डाव्या पायाकडे बोट केलं. पुन्हा स्वतःच्या मांडीवर थाप.

“चुकीचा पाय,” कुणीतरी पुटपुटलं. “तू उलट्या पायाने लंगडतोयस रे.”

जिराफने पाय बदलला. मास्तरांनी त्याला खांदा आणखी खाली घ्यायला लावला, काठी दुसऱ्या हातात घ्यायला लावली, पुन्हा चालवलं. मग आवाज न करता हसू लागले. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण मनापासून हसत होती. मुलांना हसावं की नाही कळेना. आधी जिराफच हसला, आणि मग सगळा वर्ग.

राहिली एक मुलगी. हिला वर्गात आज्जी म्हणत, कारण ती उन्हाळ्यातही स्वेटर घालायची आणि सगळ्यांच्या पडशाखोकल्याची चौकशी करायची. तिच्या हातातही काही नव्हतं.

“तुमचं यंत्र?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“मला काही सुचलं नाही, सर. पण मला मास्तरांना एक विचारायचं होतं.” ती मास्तरांकडे वळली. “मी लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेय. दोनदा. चढावर गाडी थांबवली की पुन्हा निघताना मागे येते. शिकवणारे सगळे म्हणतात क्लच हळू सोड. हळू म्हणजे किती, ते कुणी सांगतच नाही.”

“हा आजचा विषय नाही,” विभागप्रमुख म्हणाले.

पण मास्तर खुर्चीत सरळ झाले होते. त्यांनी आज्जीला बाजूला बसवलं आणि समोरचं उतरतं टेबल दाखवलं, हा चढ. डावा तळवा त्यावर दाबून ठेवला; हे तुझं पाऊल, क्लचवर. मग तळवा टाचेकडून न उचलता, बोटांकडून इतका सावकाश वर आणायला लागले की बघणाऱ्यांनी श्वास रोखला. एका जागी हात किंचित थरथरला. “थांब,” ते म्हणाले. हात तिथेच ठेवला. थरथरत्या बोटांकडे डोळ्यांनी खूण केली आणि छातीतून बारीक घरघर काढली, गाडी ओढायला लागते तेव्हाची. मग दुसरा, लुळा हात मॅडमना उचलायला लावला, तो हँडब्रेक. सोडला. डावा हात टेबलाच्या चढावरून पुढे सरकत वर गेला.

आज्जीने तिचा तळवा टेबलावर ठेवला. तिने पटकन उचलला तर मास्तरांनी त्यावर बोट मारलं. पुन्हा. पुन्हा. शेवटी तिचा हात नेमक्या जागी थांबला तेव्हा मास्तरांनी मान डोलावली आणि तिचं कोपर हलकेच पुढे ढकललं.

“आत्ता कळलं,” आज्जी म्हणाली.

पाहुण्यांचा चहा झाला. विभागप्रमुखांनी बातम्यांच्या आवाजाच्या फोनला पहिलं बक्षीस दिलं. आज्जीला प्रकल्प सादर न केल्याबद्दल कमी गुण द्यावेत असं त्यांनी मॅडमना सुचवलं. मॅडमनी तिला पूर्ण गुण दिले. त्यावर खुलासा मागवला गेला, मॅडमनी तो एका ओळीत दिला, आणि पुढच्या वर्षापासून सगळ्या विभागांना एकच छापील प्रश्नपत्रिका येऊ लागली. आता गुण द्यायला काही वावच राहिला नाही.

पण प्रात्यक्षिकानंतरच्याच रविवारी सकाळी आज्जी मास्तरांच्या घरी आली. सोबत धाकटे दीर होते, चेहऱ्यावर काळजी घेऊन.

“वहिनी, ही म्हणते दादाच शिकवणार. आणि आत्ता दारातून दादाने मला हाताला धरून गाडीपर्यंत नेलंन्. मी मागे बसतो. पण काही झालं तर?”

शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो डाव्या पायाने दाबता येत होता, आणि डावा पाय धड होता. मॅडम हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. गावाबाहेरच्या एका गुदामामागच्या, चढ असलेल्या मोकळ्या मैदानावर त्या पहिल्या दिवशी सोबत गेल्या. आज्जीने गाडी चढावर बंद पाडली, मागे सोडली, आणि प्रत्येक वेळी मास्तरांचा पाय दिरांच्या आधी ब्रेकवर गेला. अर्ध्या तासात मास्तर घामाने निथळले. घरी आल्यावर दुपारभर झोपले. मॅडमना वाटलं, झालं, संपलं हे. पुढच्या रविवारी ते पांढरा शर्ट हातात धरून पलंगावर बसलेले होते.

आज्जी तिसऱ्यांदाही नापास झाली. चढावर नाही, गाडी मागे घेताना खांबाला लावली. चौथ्यांदा पास झाली. तोवर जिराफ यायला लागला होता, मग त्याची बहीण. मास्तरांना नवा शब्द काही आला नाही. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, आता फारशी आशा धरू नका, आणि मॅडमनी ती धरलीही नव्हती. सकाळची आंघोळ, नाश्ता, शेजारीण, कॉलेज, वीट, परत घर, हे सगळं होतं तसंच होतं.

एका रविवारी दीर मास्तरांना घेऊन गेले आणि मॅडम उत्तरपत्रिका तपासायला बसल्या. घरात कुणी नव्हतं. कुणाची चाहूल घ्यायची नव्हती, कुठल्या सुराचा अर्थ लावायचा नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं, जरा पाठ टेकावी म्हणून पलंगावर आडव्या झाल्या, आणि त्यांना गाढ झोप लागली.

त्यांना जाग आली ती दाराच्या आवाजाने. काठी टेकत पावलं आत आली. दीर दारातूनच काहीतरी कुजबुजले आणि निघून गेले. मास्तर पलंगाच्या कडेला बसले, एका हाताने बूट काढायला झटापट करू लागले. एरवी मॅडम धावल्या असत्या. आज त्यांनी डोळे उघडले नाहीत. एक बूट पडला, बऱ्याच वेळाने दुसरा. मग मॅडमच्या अंगावर चादर आली, एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी, पाय उघडेच राहिले. मास्तर पुन्हा ओढून बघत होते, चादर पुन्हा वाकडी होत होती. मॅडम हलल्या नाहीत. त्यांनी तशीच वाकडी चादर अंगावर राहू दिली आणि कूस न बदलता पुन्हा झोपी गेल्या.